बुटक्या डोंगराचे डोहाळे

कतारहून परत आल्यापासून नाशकात जो भेटेल तो विचारतो, "मग, काय काय पाहिलंत?" मी सांगते, "डोंगर चढून आले." समोरचा माणूस माझ्याकडे काळजीने बघायला लागतो. प्रत्येकाचा एखादा भाचा नाहीतर मेव्हणा तिकडे असतोच आणि कतार पोळपाटासारखं सपाट आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आहेच ते सपाट. तरीही मी डोंगर चढले, चांगली धाप लागेपर्यंत चढले, आणि तोही अशा बेटावर की जिथे खाली इटली आहे आणि वर जावा-बाली. एवढं सांगितलं की त्यांना वाटतं, बाईला ऊन लागलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

अल हिलाल

मंदार, माझा मुलगा, तिकडे गॅसच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याचं घर अल हिलालमध्ये, जुन्या विमानतळाच्या बाजूला. खाली केरळी वाण्याचं दुकान, पलीकडे चहाची टपरी, तिथे लोक गाडीतूनच हॉर्न वाजवून कडक चहा मागवतात. हॉर्न वाजवला की चहा येतो, हे सुख आपल्याकडे नाही. आपल्याकडे हॉर्न वाजवला की भांडण येतं.

मी गेले होते सुनेचे डोहाळे पुरवायला. केतकीला सातवा लागत होता. ती जुन्नरच्या बाजूची, दोह्यातल्याच एका इस्पितळात लॅबमध्ये काम करते. हुशार, अबोल, कामाला वाघ. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. गावाकडे वडील एकटे. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत तिच्या बाबतीत मुळातच बारगळली होती. मंदारने फोनवर सांगितलं होतं, "केतकी म्हणते, आम्ही नर्स ठेवू. मॅनेज होईल." मी बरं म्हटलं. माझं परतीचं तिकीट दिवाळीच्या आतलं होतं आणि बाळ येणार होतं डिसेंबरात.

खरं सांगायचं तर मला थांबायचं होतं. पण न विचारता मुलाच्या घरात मुक्काम ठोकणारी सासू मला व्हायचं नव्हतं. तिने एकदा म्हणावं, बस. आणि ती म्हणत नव्हती. ती मला "अहो आई" म्हणायची. यात वावगं काहीच नाही. सासूला अहो आई, आईला अगं आई, हे सगळ्या मराठी मुली शिकून येतात. मीही चाळीस वर्षं तेच केलं. पण या अहोमध्ये एक टेबल असतं. अलीकडे मी, पलीकडे ती, मधे चहाचे कप.

डोहाळ्यांचं विचारावं तर उत्तर ठरलेलं.

"काय खावंसं वाटतं गं?"

"काही नाही, अहो आई. सगळं मिळतं इथे."

मी कैरी आणली, चिंच आणली, थालीपिठं लावली, कोथिंबिरीच्या वड्या केल्या. तिने सगळं नीट खाल्लं, "छान झालंय" म्हणाली आणि ताट स्वतः विसळून ठेवलं. डोहाळे पुरवायला समुद्र ओलांडून यावं आणि पोरीला एकही डोहाळा नसावा! मला तर अपमानच वाटायला लागला.

मग एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही गाडीतून चाललो होतो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट, वाऱ्याने उडणारी पांढरट धूळ. केतकी खिडकीतून बघत होती. बघता बघता अगदी हळू म्हणाली, "डोंगर चढावासा वाटतोय."

मंदार हसला. "केतकी, कतारमध्ये? रस्त्यावरचा फ्लायओव्हर हाच इथला सह्याद्री."

ती हसली नाही. मी मागच्या सीटवरून पुढे वाकले आणि मंदारच्या खांद्यावर चापट मारली. "हसतोस काय? डोहाळा आहे तो. पुरवायचा."

"आई, तू पण ना! डोंगर काय मी डिलिव्हरीने मागवू?"

पण माझा मुलगा आहे तो. चार दिवसांनी ऑफिसमधून आला तो फोन नाचवतच. "मिळाला! डोंगर मिळाला!" समुद्रात भर घालून केलेल्या एका बेटावर युरोपातल्यासारखी वस्ती उभी केली आहे, कालवे, पूल, रंगीत घरं. त्याच्या टोकाला एक टेकडीही उभारली आहे आणि तिच्या उतारावर एक भारी रिसॉर्ट, सगळा थाट पूर्वेकडच्या देशांचा. लग्नाच्या वाढदिवसाला जायचं म्हणून त्याने बाजूला ठेवलेले पैसे होते, ते इकडे वळवले.

मी फोनवरचे फोटो बघितले. टेकडी होती. झाडं होती. पायऱ्याही होत्या. "यल्ला," मी म्हटलं. हा शब्द मी पहिल्याच आठवड्यात शिकले होते. चला, निघा, आटपा, या सगळ्याला तो एकच पुरतो.

आणि डोंगरावर जायचंच आहे तर तिथेच डोहाळजेवण उरकायचं, हेही मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दोह्यात येऊन डोहाळजेवण केलं नाही तर कुठे करायचं? माझ्या बॅगेत नाशकाहून आणलेली हिरवी साडी आणि खण होताच. खालच्या केरळी दुकानातून मोगऱ्याचे गजरे आणि शेंडीवाला नारळ घेतला. शेंडीवाला मिळेपर्यंत मी त्या दुकानदाराला तीनदा गोदामात पाठवलं. शेवटी त्याने हात जोडले आणि म्हणाला, "अम्मा, खलास! और नहीं है." तोपर्यंत मला हवा तो मिळाला होता. मिठाईच्या दुकानातून पेढे आणि बर्फी घेतली. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, केतकीने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. तिकडे डॉक्टर सोनोग्राफीत खुशाल सांगून टाकतात काय आहे ते, आपल्यासारखी बंदी नाही. पण या दोघांनी आधीच बजावून ठेवलं होतं, आम्हाला सांगू नका. हे मला फार आवडलं.

इटली

बेटावर शिरताना पहिल्यांदा लागतो एक घड्याळाचा मनोरा. मग गुलाबी, पिवळी, आकाशी घरं, खिडक्यांना हिरव्या झडपा, खिडकीत लाल फुलं. फुलं खरी आहेत का बघायला मी एक पाकळी चिमटून बघितली. खरी निघाली. त्यामुळे उलट ओशाळायला झालं.

मधून कालवा. पाणी इतकं स्वच्छ की आपल्याला संशयच यावा. पुलावर अरब कुटुंबं फोटो काढत होती, काळ्या अबायातल्या बायका, पांढऱ्या झग्यातले पुरुष, हातात आइस्क्रीम. ऑक्टोबर सुरू झाला होता, तरी दुपारचं ऊन हात धुऊन मागे लागलेलं. रिसॉर्टची होडीच आम्हाला न्यायला येणार होती. ती आली. नावाडी पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात, डोक्यावर गवताची टोपी, थेट इटलीचा. "नमस्ते जी, कहाँ से?" असं त्याने विचारलं तेव्हा कळलं की तो त्रिशूरचा आहे.

होडी बघितल्यावर माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. डोहाळजेवणात बागेतलं असतं, चांदण्यातलं असतं आणि नावेतलंही असतं. आमच्या वेळी नावेतलं म्हणजे पुठ्ठ्याची नाव करायची, तिला सोनेरी कागद चिकटवायचा आणि पोटुशीला मधे बसवून फोटो काढायचा. माझ्याही वेळी पुठ्ठ्याचीच होती, ती फोटो काढता काढता एका बाजूने फाटली. इथे साक्षात नाव, तीही पाण्यात!

मी भराभर केतकीच्या केसात गजरे माळले. हातात बांधले. दंडाला बांधले. ती "अहो आई, लोक बघतायत" म्हणत होती, पण हसत होती. मी डबा उघडला आणि नारळाची वडी तिच्या तोंडाशी नेली.

"मॅडम," नावाडी नम्रपणे म्हणाला, "बोट में खाना अलाउड नहीं है."

"खाना नहीं है भैया, विधि है."

त्याने थोडा विचार केला. "विधि में खाना है?"

"है."

"तो नहीं अलाउड."

अशा रीतीने माझ्या सुनेचं नावेतलं डोहाळजेवण जेवणाशिवाय पार पडलं. पण पुलावरून जाणाऱ्या सगळ्या बायकांनी तिला हात केला. एका वयस्क कतारी बाईने पोटाकडे खूण करून हात वर केले आणि म्हणाली, "इन्शाल्ला, इन्शाल्ला!" आशीर्वाद कोणत्याही भाषेत कळतो, त्याला दुभाषा लागत नाही.

जावा, बाली आणि थोडंसं नाशिक

होडी वळली आणि इटली संपली. समोर टेकडी. खरोखरच टेकडी. तिच्यावर खाचा पाडून उतरत्या छपरांची लाकडी घरं बसवलेली, मधून चाफा, बांबू आणि दगडी वाटा. वरून एक धबधबा पडत होता. मी बारकाईने बघितलं. उंची म्हणाल तर आमच्या पांडवलेण्यांच्या निम्म्यालाही येणार नाही. गुडघा कुरकुरायला लागेपर्यंत मी रोज सकाळी पांडवलेणी चढायची, त्यामुळे डोंगराच्या बाबतीत माझा शब्द घरात शेवटचा मानतात. मी केतकीकडे बघितलं. ती मान वर करून बघत होती. आवडला की हिरमुसली, कळायला मार्ग नव्हता. मंदारही तिच्याच तोंडाकडे बघत होता.

दारात स्वागताला रेशमी कपड्यातल्या मुली. हात जोडून नमस्कार, सुवासिक ओले रुमाल आणि छोट्याशा कपात काहीतरी गरम. मी घोट घेतला. अगदी ओळखीची चव. आमच्या परसात कुंडीत असतो तो गवती चहा! इतक्या आदबीने मला गवती चहा आजवर कोणी दिला नव्हता.

दाराशी एक मोठी पितळी थाळी टांगलेली होती, बाजूला टोल द्यायचा दांडका. आता दारात असं पितळेचं काही टांगलेलं दिसलं की आपला हात थांबतो का? मी दांडका उचलला, डोळे मिटले आणि दिला टोल. जोरात दिला, देवाला ऐकू जाईल असा. डोळे उघडले तर चारी बाजूंनी माणसं येत होती. पोहण्याच्या तलावावरून ओले गोरे लोक, व्हरांड्यातून पुस्तक हातात धरलेले, घरांतून मुलं. तो टोल म्हणजे संध्याकाळच्या चहा-फराळाची वर्दी, आणि चहा-फराळाला अजून बराच अवकाश होता. तिथल्या मॅनेजरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यांनी मला काही म्हटलं नाही. स्वयंपाकघराला इशारा केला आणि त्या दिवशी सगळ्यांना फराळ लवकर मिळाला. "आई, तू आल्या आल्या रिसॉर्टचं शेड्यूलच बदललंस," मंदार म्हणाला.

पुढचा पराक्रम मात्र माझा एकटीचा नाही. आमची खोली उताराच्या वरच्या अंगाला होती. सामान बग्गीतून गेलं, पण नारळाची पिशवी मी कोणाच्या हातात देईना. पायऱ्यांशी पिशवीचा बंद तुटला आणि नारळ निघाला. पहिल्या पायरीवर टप्, दुसरीवर टप्, मग वाट सोडून बांबूतून, चाफ्याच्या आळ्याला वळसा घालून खाली. मंदार मागे धावला, त्याच्या मागे एक माळी. डोंगर खोटा होता, पण उतार अगदी खरा होता. शेवटी नारळाने तलावाच्या काठावरून उडी घेतली आणि शेंडी वर करून पाण्यावर तरंगायला लागला. जीवरक्षकाने शिट्टी मारली. का मारली, ते त्यालाच माहीत. नारळ बुडत नाही.

त्या वेळी केतकी हसली. आधी हात तोंडावर धरून, मग पायरीवर बसून, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला असं हसताना कधी बघितलंच नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

नारळ परत घेऊन आली ती सारी. सारी म्हणजे आमच्या खोल्यांची व्यवस्था बघणारी मुलगी, जावा बेटावरची. नाव ऐकून मला आधी वाटलं ती माफीच मागते आहे. तिने नारळ पुसला, शेंडी सरळ केली आणि केतकीच्या पोटाकडे बघून इंग्रजीत विचारलं, "सातवा महिना?"

मी चकित झाले. "तुला कसं कळलं?"

"आमच्याकडे पण सातव्या महिन्यात नारळ लागतो."

मग आम्ही दोघी पायरीवरच बसलो. तिचं इंग्रजी तिच्या चालीचं, माझं माझ्या चालीचं, पण काही अडलं नाही. त्यांच्याकडे सातव्या महिन्यात पोटुशीला फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालतात, वेगवेगळी लुगडी नेसवून बघतात, आंबटगोड फळांची तिखट कोशिंबीर करतात आणि नारळावर एक देव आणि एक देवी काढतात, मूल देखणं व्हावं म्हणून. देवांची नावं विचारली तर म्हणाली, काम आणि रती. सारी मुसलमान, नमाज पढणारी. "आमच्याकडे हे सगळं चालतं," ती म्हणाली. "आजी करायची, आई करते."

मी तिला सांगितलं, मला पाच सवाष्णी हव्यात. सवाष्ण म्हणजे काय हे सांगायला जरा वेळ लागला. मग ती उठली आणि म्हणाली, "काम आटपलं की आणते."

आणि आणल्या तिने. स्वागतकक्षातली नेपाळी मुलगी, मालीश करणारी फिलिपिनो बाई, स्वयंपाकघरातून एक श्रीलंकेची, स्वतः सारी, आणि पाचवी मी. रिसॉर्टच्या माहितीपत्रकावर लिहिलं होतं, आशियाच्या आत्म्याचा अनुभव घ्या. तो अनुभव आमच्या व्हरांड्यात, चपला बाहेर काढून, ओळीने बसला होता.

केतकी हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसली. झोपाळा तिथे आधीपासूनच होता, वेताचा, फोटोसाठी. मी एकेकीला शिकवलं, कुंकू कसं लावायचं, तांदळाची ओंजळ कशी सोडायची. फिलिपिनो बाईने कुंकू लावून झाल्यावर आपल्या देवाची खूण केली, कपाळ, छाती, दोन खांदे. नेपाळणीला काहीच शिकवावं लागलं नाही. सारीने पेन घेऊन नारळाच्या एका बाजूला मुलगा काढला, दुसऱ्या बाजूला मुलगी आणि म्हणाली, गडगडवायचा, जे वर येईल ते. मंदारने नारळ गडगडवला. तो शेंडीवर अडला आणि दोघंही आडवे, एक डावीकडे बघतोय, एक उजवीकडे.

"राहू दे," मी म्हटलं, "आपल्या वाट्या बघू." वाट्या पुढे केल्या. केतकीने डावीकडची उघडली आणि आत बघतच राहिली. पेढे आणि बर्फी दोन्ही एकाच खोक्यात दुपारभर गाडीच्या डिकीत होते, तिथल्या उन्हात. वाट्या भरताना संध्याकाळच्या अंधुकात आणि घाईत माझ्या लक्षातच आलं नाही. अर्धा पेढा अर्ध्या बर्फीत विरघळून एकच गोळा झाला होता. दुसऱ्या वाटीतही तेच.

"याचा अर्थ काय?" श्रीलंकेच्या बाईने विचारलं.

"जुळं," मी म्हटलं आणि मंदार मटकन खाली बसला.

रात्री जेवणाआधी ह्यांचा व्हिडिओ फोन आला. हे म्हणजे माझे यजमान, विमानाला भिणारे, त्यामुळे नाशकातच राहिलेले. मी त्यांना फोन फिरवून टेकडी दाखवली. "हा डोंगर?" ते म्हणाले. "आपल्या गच्चीवरची टाकी याहून उंच असेल." मी पटकन फोन बंद केला, पण केतकीने ऐकलं असावं.

डोंगर

सकाळी फटफटीत उजाडायच्या आधी दारावर टकटक झाली. केतकी, पायात बूट, डोक्याला ओढणी. "अहो आई, मंदार झोपलाय. तो उठला तर बग्गी मागवेल. येताय?"

माझ्या गुडघ्याने नाही म्हटलं. मी त्याचं ऐकलं नाही.

वाट दगडी होती, एका बाजूला कठडा. हवा ओलसर पण सोसवेल अशी. पाखरं नव्हती, पण कुठल्याशा झुडपात लपवलेल्या स्पीकरमधून पाखरांचा आवाज येत होता. धबधबा बंद होता. आम्ही जवळ पोचलो आणि आत कुठेतरी पंप खाकरला, मग पाणी सुरू झालं. केतकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मला मनातून वाईट वाटत होतं. पोरीने एवढं एकच मागितलं आणि आपण तिला हे दिलं, विजेवर चालणारं.

निम्म्या वाटेवर ती बाकावर टेकली.

"आमच्या घरामागे डोंगर होता," ती म्हणाली. "मे महिन्यात आई मला करवंदांना न्यायची. ती पुढे चालायची, भराभर. चढ आला की मागे न बघता नुसता हात मागे करायची. मी धरायचे."

मी ऐकत राहिले. इतक्या दिवसांत तिने आईचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

पुढचा टप्पा उभा होता. मी पुढे झाले. एका हाताने कठडा धरला आणि दुसरा हात मागे केला. तिचं ऐकून केला असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे मागे वळून बघितलं असतं तर मीच कोसळले असते. हात मागे गेला आणि तिने तो धरला. घट्ट धरला. शेवटपर्यंत सोडला नाही.

वर एक लाकडी चौथरा, त्यावर छप्पर. तिथून सगळं दिसत होतं. खाली इटलीची गुलाबी घरं, कालव्यात रिकाम्या होड्या, पलीकडे धुरकट समुद्र आणि त्याच्याही पलीकडे दोह्याचे मनोरे. वारा आला. यंत्राचा नव्हता, समुद्रावरून आलेला होता. केतकीने डोळे मिटून तो घेतला. मग डोळे उघडून म्हणाली, "बुटका आहे नाही?"

"फार बुटका," मी म्हटलं. आणि आम्ही दोघी खूप हसलो.

उतरताना माझा गुडघा दगा देणार हे मला माहीतच होतं. दवाने पायरी ओली होती. माझा पाय सरकला आणि मी सपशेल पायरीवर बसले. लागलं नाही, पण आवाज मोठा झाला.

"अगं ए आई! बघून चाल की! किती वेळा सांगितलं, कठडा सोडू नकोस!"

धबधबा पडत होता. स्पीकरमधली पाखरं ओरडत होती. केतकी माझ्या वरच्या पायरीवर उभी होती, एक हात पोटावर, एक कमरेवर, आणि रागाने लाल. तिच्या तोंडून काय गेलं ते तिच्या आता ध्यानात आलं. माझ्याही आलं. ती कोणाला म्हणाली, मला की जुन्नरच्या डोंगरावर पुढे चालणाऱ्या त्या बाईला, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मला वाटलं, आता ती सॉरी म्हणेल आणि टेबल परत मधे येईल. ती सॉरी म्हणाली नाही. सावकाश खाली आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि समोर बघत म्हणाली, "तिकीट पुढे ढकल ना. मला नर्स नकोय. बाळंतपणाला तू हवीयेस."

"एवढंच ना," मी म्हटलं. "मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला... तुला वाटलं असतं, सासूकडून बाळंतपण करून घेते."

"आणि मला वाटत होतं, तुला वाटेल, सासू हलतच नाही."

मी राहिले. डिंकाचे लाडू केले, अळीव केले, शेक-शेगडी केली. नात झाली. सारीला फोटो पाठवला, तर तिने विचारलं, दुसरं बाळ कुठे आहे? मंदार म्हणतो, पेढ्याचा हिशोब अजून बाकी आहे. केतकी त्याला म्हणते, तू गप्प बस. मला म्हणते, आई, तू तरी सांग ना याला.

पण ते सगळं नंतर. त्या सकाळी त्या ओल्या पायरीवर बसूनच मी ह्यांना फोन लावला आणि सांगितलं, माझं तिकीट बदला, दिवाळी तुम्ही एकटेच करा, चकल्या शेजारून येतील. मग ह्यांनी घसा साफ केला.

"बरं," ते म्हणाले. "आणि डोंगर कसा निघाला?"

केतकी माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.

"बुटका," मी म्हटलं. "पण पुरला."